कौलांच्या खाली: कोकणातलं छप्पर बदलताना

(दृश्य: रत्नागिरी जिल्ह्यातलं एक कौलारू घर. अंगणात उतरवलेल्या कौलांच्या रांगा.)

शिमगा झाला की कोकणात छपराच्या कामांची बोलणी सुरू होतात. सुतार, कौलं चढवणारे गडी, लाकूड, सगळ्यांना एकदमच मागणी येते, आणि मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनआधी, घर झाकलेलं असावं लागतं. छप्पर नवं करायचं असेल तर मोजमाप आणि लाकडाची तपासणी शिमग्याआधीच उरकावी. वैशाखात काम काढलं आणि वळवाचा पाऊस आला, तर तो थेट माजघरात पडतो.

मंगळुरी कौलाचा इतिहास थोडक्यात सांगायलाच हवा, कारण आजचं बरंचसं दुखणं त्यात आहे. १८६५ साली जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला उभा केला. त्याआधी कोकणातली घरं कुंभाराच्या नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. ती कौलं नुसती एकावर एक ठेवलेली. वारा, मांजर, माकड, कशानेही सरकायची. म्हणून दरवर्षी पावसाआधी सगळं छप्पर परतावं लागे, आणि त्या निमित्ताने प्रत्येक रीप (कौलांखालची आडवी पट्टी), प्रत्येक वासा (रिपांना पेलणारं उतरतं लाकूड) नजरेखालून जाई. मंगळुरी कौलाला मागे नाक असतं, ते रिपेला अडकतं. बाजूच्या खाचा एकमेकींत बसतात. कौल सरकायचं थांबलं, आणि लाकडाकडे बघणंही थांबलं. आज जी छपरं खचलेली दिसतात, त्यांतल्या पुष्कळांची कौलं धडधाकट असतात. गेलेलं असतं ते खालचं लाकूड.

(दृश्य: माळ्यावरून आढ्याकडे. वाशांना लावलेली दोरी.)

म्हणून सुरुवात आतून करायची. आढ्यापासून (छपराच्या माथ्यापासून) वळचणीपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) वाशाच्या खालच्या अंगाला दोरी ताणून धरा. वासा मध्यभागी इंच-दीड इंच खाली आला असेल, तर वरच्या कौलांच्या खाचा उघडल्या आहेत असं समजा. सरळ पडणारा पाऊस अशा छपरातून येत नाही. वाऱ्याबरोबरचा तिरका पाऊस मात्र फटीतून वर चढतो. नंतर पेचकस घेऊन तीन जागा टोचून बघायच्या: वासा भिंतीवर टेकतो ती जागा, आढ्याचा सांधा, आणि आतल्या कोनात दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, मिळतात तिथली पन्हळ. टोक पाव इंच सहज आत गेलं तर तो वासा बदलायचा. भिंतीवरून चढलेली मातीची बारीक नळी म्हणजे वाळवी. वाशाखाली पिठासारखा भुगा पडत असेल तर किडा. वाळवीचा बंदोबस्त जमिनीपासून आणि भिंतीतून करावा लागतो. नुसतं वर औषध मारून ती जात नाही.

नवं लाकूड साग, ऐन किंवा किंजळ असावं, आणि गाभ्याचं असावं. बाहेरचं पांढरं कोवळं लाकूड किडा आधी धरतो. ताजं कापलेलं लाकूड चढवलं तर वर गेल्यावर सुकतं, पिळतं, आणि नीट बसवलेली कौलं उचलली जातात. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडचं द्रावण किडीवर चांगलं चालतं, पण पाण्याने ते धुऊन जातं, म्हणून छपराखालच्या कोरड्या लाकडालाच लावायचं. कापलेल्या टोकांना ते दोनदा पाजावं. पाणी टोकातूनच शिरतं.

आता हिशोब. कौलं जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजायची नाहीत, पाख्यावर मोजायची. साधारण ३० अंशांच्या उताराला पाख्याचं क्षेत्रफळ खालच्या जागेपेक्षा पंधरा टक्क्यांनी जास्त भरतं. समजा घर ४० फूट लांब आणि आढ्यापासून वळचणीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना १४ फूट. मग दोन पाखी मिळून ११२० चौरस फूट. शंभर चौरस फुटांना सुमारे १५० कौलं धरली तर १६८०. फुटतूट धरून १८०० मागवा. एक कौल साधारण अडीच किलोचं, म्हणजे वाशांवर सव्वाचार टनांच्या आसपास भार येतो, आणि आषाढात पाणी प्यायलेल्या कौलांचा तो आणखी वाढतो. हा आकडा सुताराला आधी सांगावा. वाशाची जाडी त्यावरच ठरते.

(दृश्य: जवळून. कौल उलटं धरलेलं, मागे कारखान्याचं नाव उठलेलं. बोटाच्या पेराने टकटक.)

जुनी कौलं टाकून देण्याची घाई करू नये. बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर कौल चांगलं. बद आवाज आला तर केसाएवढी चीर आहे, ते बाजूला. कौल उलटं केलं की मागे कारखान्याचं नाव दिसतं, आणि ते वाचणं महत्त्वाचं आहे. दोन कारखान्यांच्या कौलांची लांबी आणि खाचेची खोली सहसा जुळत नाही. एका पाख्यावर एकाच नावाची कौलं ठेवा. जुनी कमी पडली, तर पुढच्या पाख्याला नवी आणि मागच्या पाख्याला जुनी, अशी सरळ वाटणी करा. नव्या मालातली चार-पाच कौलं वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर भट्टी कमी लागली आहे. तो माल घेऊ नये.

कौलं उतरवताना दोन्ही पाखी बरोबरीने, आढ्याकडून खाली उतरवतात. एक पाखं पूर्ण रिकामं आणि दुसरं भरलेलं राहिलं तर सांगाडा भरल्या बाजूचा भार सोसत कलतो. चढवतानाही तोच नियम, फक्त खालून वर.

रिपांचं अंतर कागदावरून घेऊ नका, कौलावरून घ्या. दहा-बारा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून रांगेत मांडा. एकदा घट्ट सारून मोजा, एकदा ताणून मोजा, आणि दोन्हींची सरासरी धरा. बहुतेक कौलांना ते तेरा इंचांच्या आतबाहेर येतं. अर्धा इंच चुकला की वर जाईपर्यंत सहा-सात इंचांची तफावत पडते आणि आढ्याजवळ कौल कापावं लागतं. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच असावी, कारण त्या ओळीखाली टेकायला दुसरं कौल नसतं. ही रीप सारखीच ठेवली तर पहिली ओळ पुढे झुकते आणि दुसऱ्या ओळीशी फट राहते.

आढ्यावरच्या कोन्याच्या कौलांखाली निव्वळ सिमेंटचा कडक माल भरला जातो, तो दोन पावसाळ्यांत तडकतो. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही. चुना मिसळलेला मऊ माल चांगला, आणि तोही कौल भिजवून, बेताचाच भरावा. ओल पकडणारा ढीग नको.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं आणि रायगड ते दापोलीपर्यंतची छपरं उघडी पडली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून गेलं. वारा छपराला वळचणीच्या खालून उचलतो. म्हणून वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या कडा आणि कोन्याची कौलं तांब्याच्या किंवा जस्ताच्या मुलाम्याच्या तारेने रिपेला बांधा. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत लवकर खाऊन जाते. वासेही भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने जखडा. नुसतं वजन पुरत नाही.

(दृश्य: आंब्याच्या फांदीवर वानर.)

वानरांच्या उड्यांनी कौलं फुटतात आणि त्यालाच कंटाळून अनेकांनी पत्रे घातले. त्या लोकांना दोष देता येत नाही. कौलांखाली पत्रा घालायचा असेल, तर पत्र्यावर आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांवर आडव्या रिपा ठोका. रीप थेट पत्र्यावर बसवली की आत आलेलं पाणी आणि पालापाचोळा तिथेच अडकतो आणि रीप कुजते. छपरावर आलेल्या फांद्या मात्र दरवर्षी तोडाव्याच लागतात.

निगा राखायला फार खर्च नाही. शेवाळ एप्रिल-मेमध्ये पूर्ण सुकल्यावर हिराच्या झाडूने काढा. तारेच्या ब्रशने किंवा जोराच्या फवाऱ्याने कौलाचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि पुढच्या वर्षी शेवाळ जास्त धरतं. पन्हळीतला पाला पावसाआधी एकदा आणि श्रावणात एकदा काढा. फुटलेलं कौल बहुधा आतूनच बदलता येतं: शिडीवर उभं राहून वरच्या ओळीचं कौल काठीने उचलायचं, फुटलेलं काढायचं, नवं सरकवायचं. ओल्या छपरावर कुणालाही चढवू नका. कोरड्यावर चढायचंच झालं तर आढ्याला अडकवलेली शिडी पाख्यावर उताराच्या दिशेने टेकवून तिच्यावरूनच चाला, आणि कमरेला दोर असू द्या.

गळती शोधताना थेंब पडतो तिथे वर बघून उपयोग नाही. पाणी वाशाच्या पोटावरून कितीतरी फूट घरंगळत येतं. पाऊस चालू असतानाच ओल्या रेषेचा माग वर काढा आणि ती सुरू होते तिथे खडूने खूण करा. नव्या छपराच्या पहिल्या दोन-तीन सरींत अशा चार-दोन खुणा होतातच, कौलं बसायला तेवढा वेळ लागतो. उघडीप मिळाली की त्याच जागी काम करा. त्यासाठी त्याच कारखान्याची पन्नासेक कौलं पडवीत उभी रचून ठेवा.