बॅक्टेरियाचं उष्टं

सकाळी उठल्यावर ब्रश करायच्या आधी एकदा जीभ दातांवरून फिरवून बघा. बुळबुळीत थर लागतो ना? रात्री झोपताना दात चकचकीत होते आणि सकाळी हे असं. तर ही घाण आहेच, पण नुसती घाण नाहीये, ही चांगली भरलेली वस्ती आहे. रात्रभर असंख्य बॅक्टेरिया एकमेकांना चिकटून, स्वतःच बनवलेल्या चिकट पदार्थात बसून, तुमच्या तोंडात जे काही उरलंसुरलं असेल ते खात बसलेले असतात, आणि खाऊन झाल्यावर जे अ‍ॅसिड टाकतात त्याने तुमचे दात किडतात. म्हणजे दात कोणी मुद्दाम पोखरत नाहीये, त्यांचं जेवण चाललंय, खरकटं आपल्या दातावर पडतंय, एवढंच.

हा थर पहिल्यांदा भिंगाखाली धरला तो १६८३ मध्ये. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये अँटनी व्हॅन ल्युवेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहायचा. कुठल्या युनिव्हर्सिटीत गेलेला नाही, पण भिंगं घासायचा भयंकर नाद. त्याने स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा गाळ काढला, स्वच्छ पावसाच्या पाण्यात कालवला आणि बघतो तर काय, आत बारीक बारीक जीव सुळसुळतायत. आणि हा माणूस रोज मिठाने दात घासायचा बरं का! मग ज्याने जन्मात कधी दात घासले नव्हते असा एक म्हातारा त्याने गाठला आणि त्याच्या तोंडात तर नुसती जत्रा. लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला त्याने पत्र लिहून कळवलं की आमच्या अख्ख्या देशात जेवढी माणसं नसतील तेवढे जीव आज माझ्या एकट्याच्या तोंडात आहेत.

आता हे एवढं दिसल्यावर लगेच कोणीतरी म्हणायला हवं होतं की अरे, आपण आजारी पडतो ते यांच्यामुळे तर नाही? पण ते पक्कं व्हायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू दाखवला आणि तिथून पुढे बॅक्टेरिया म्हटलं की शत्रू, मारायचे, धुवायचे, ९९.९ टक्के संपवायचे, हेच आपल्या डोक्यात बसलं. त्याला दोष देत नाही मी, टीबी, कॉलरा, प्लेग यांनी माणसं मारलीच तशी. फक्त गोष्ट तिथेच थांबली आणि पलीकडचं राहून गेलं.

एक आकडा तुम्ही ऐकला असेल, की आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट बॅक्टेरिया असतात. मीही कितीतरी जणांना छाती ठोकून सांगितलाय. चूक आहे तो. २०१६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी नीट हिशोब मांडला तर निघाले साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आणि ३० लाख कोटी आपल्या पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. आणि हा सगळा बॅक्टेरियांचा पसारा वजनात भरतो साधारण २०० ग्रॅम. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असल्यामुळे त्या शास्त्रज्ञांनी असंही लिहून ठेवलंय की एकदा टॉयलेटला जाऊन आलं की पारडं आपल्या बाजूला झुकू शकतं.

असो. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. बॅक्टेरिया आपल्यासाठी काहीही करत नाहीत, आपल्या विरोधातही नाही आणि आपल्या बाजूनेही नाही. ते खातात, वाढतात आणि नको ते बाहेर टाकतात. आपण, झाडं, मासे, सगळे त्या टाकलेल्यावर जगतोय. उष्टं म्हणा, कचरा म्हणा.

आत्ता एक श्वास घ्या. घेतलात? हा ऑक्सिजन म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना कचरा. पृथ्वी तयार झाली तेव्हा हवेत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. मग सायनोबॅक्टेरिया आले, त्यांना ऊन आणि पाणी वापरून अन्न बनवायची युक्ती सापडली आणि त्यात पाण्याचा रेणू फोडला की ऑक्सिजन उरायचा, तो यांच्या काही कामाचा नाही, द्या बाहेर टाकून. सुरुवातीला समुद्रात विरघळलेलं लोखंड तो ऑक्सिजन पिऊन टाकायचं आणि गंजून तळाशी बसायचं. जगात आज ज्या मोठमोठ्या लोखंडाच्या खाणी आहेत त्यातलं बरंचसं खनिज म्हणजे तोच तळाशी साचलेला गाळ. लोखंड पुरेनासं झालं आणि साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन हवेत साठायला लागला. तेव्हाच्या बाकीच्या जीवांसाठी हे विष होतं, शब्दशः विष. जे वाचले त्यांनी जिथे हवा पोचत नाही अशा जागा धरल्या, चिखल, समुद्राचा तळ, आणि पुढे कोट्यवधी वर्षांनी पोटं असलेले प्राणी आले तेव्हा त्यांची आतडी. तुमच्या मोठ्या आतड्यात आज जी मंडळी राहतात ना, त्यातल्या बहुतेकांना हवा अजूनही सहन होत नाही.

आणि ते काम अजून चालूच आहे. समुद्रात प्रोक्लोरोकॉकस नावाचा एक सायनोबॅक्टेरिया आहे, पृथ्वीवर सूर्यप्रकाशावर जगणाऱ्यांमध्ये सगळ्यात छोटा आणि संख्येने सगळ्यात जास्त. एका मिलीलीटर पाण्यात लाखभर सापडू शकतात. एवढा सगळीकडे पसरलेला जीव, आणि आपल्याला त्याचा पत्ता लागला १९८० च्या दशकात, माणूस चंद्रावर जाऊन परत आल्यावर!

आता मातीत उतरूया, कारण इथे एक भारी प्रकार आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, झाडाला नायट्रोजन हवाच असतो, प्रोटीन बनवायचं तर त्याच्याशिवाय होत नाही, पण हवेतला नायट्रोजन झाडाला घेताच येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की ते तोडायला खताच्या कारखान्यात चारशे-पाचशे डिग्री तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. हेच काम रायझोबियम नावाचा बॅक्टेरिया साध्या मातीत, शेंगा येणाऱ्या झाडांच्या मुळात, थंडपणे बसून करतो.

शेंगा येणारं एखादं रोप हलक्या हाताने उपटा आणि मुळं पाण्यात बुडवून माती निघून जाऊ द्या. मुळांवर बारीक गाठी दिसतील, मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर समजायचं कामं जोरात चालू आहेत. हा गुलाबी रंग कसला माहितीये? आपल्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं ना, त्याचा चुलत भाऊ. झाडात! नायट्रोजन फोडणारं जे एन्झाइम आहे ते ऑक्सिजन लागला की निकामी होतं, पण बॅक्टेरियाला स्वतःला श्वास घ्यायला थोडा ऑक्सिजन तर लागतोच, मग झाड हे गुलाबी प्रोटीन बनवून ऑक्सिजन धरून ठेवतं आणि चमच्या-चमच्याने पुरवतं.

इथे मात्र माझं उष्ट्याचं म्हणणं मला जरा आवरतं घ्यावं लागतं, कारण हा रीतसर व्यवहार आहे. झाड मुळातून विशिष्ट केमिकल सोडतं, बॅक्टेरिया ते ओळखून उलट निरोप धाडतो, मग मुळाचा केस वाकून त्याला कवेत घेतो आणि आत राहायला खोली बांधून देतो. झाड साखर देणार, हा नायट्रोजन देणार. आणि कोणी फुकट खायला लागला तर? २००३ मध्ये सोयाबीनवर एक प्रयोग झाला. काही गाठींच्या आजूबाजूच्या हवेतला नायट्रोजनच काढून घेतला, म्हणजे आतल्या बॅक्टेरियांना मनात असूनही काम करता येईना. झाडाला काय, माल येत नाहीये एवढंच कळतं. त्याने त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि आतल्यांची वाढ खुंटली. डोकं नाही, मेंदू नाही, पण वसुली बरोबर!

मातीत आहोतच तर पहिल्या पावसाचा वास. त्यावर किती कविता झाल्या असतील देव जाणे, पण त्या वासातला तो खास मातकट भाग जिओस्मिन नावाचं एक रसायन आहे आणि ते मुख्यतः बनवतात स्ट्रेप्टोमायसीस नावाचे बॅक्टेरिया. थेंब सुक्या मातीवर आपटला की खाली अडकलेल्या हवेचे बुडबुडे फुटतात आणि त्याबरोबर हे वर उडतं. आपलं नाक या वासाला विलक्षण तीक्ष्ण आहे. पण वास काही आपल्यासाठी नाहीये. मातीत स्प्रिंगटेल नावाचा एक चिमुकला उडी मारणारा किडा असतो, तो या वासाने येतो, स्ट्रेप्टोमायसीस खातो आणि त्याचे बीजाणू अंगाला माखून दुसरीकडे घेऊन जातो, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. आपण मधल्यामध्ये भावुक होतोय.

हे स्ट्रेप्टोमायसीस लक्षात ठेवा, परत येणारेत.

त्याआधी पोटात जाऊ. आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅट यांच्यानंतर सगळ्यात जास्त घन पदार्थ कुठला असेल तर एक खास प्रकारच्या साखरांच्या साखळ्या, आणि गंमत म्हणजे बाळाला त्या पचतच नाहीत. म्हणजे आईचं शरीर एवढी मेहनत करून असं काही बनवतंय जे बाळ खाऊच शकत नाही, असं का? कारण ते बाळाचं जेवण नाहीये. आतड्यात बिफिडोबॅक्टेरिया येऊन बसतात, त्यांचं आहे. ते त्या साखळ्या खातात, अ‍ॅसिड सोडतात, त्या आंबट वातावरणात बऱ्याच त्रासदायक जंतूंना थारा मिळत नाही. दूध पाजणारी आई एका वेळी एका बाळाला नाही, बाळ आणि त्याच्या भाडेकरूंना मिळून जेवायला घालत असते.

मोठेपणी तेच, फक्त साखरेच्या जागी फायबर. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, बॅक्टेरिया तो आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं अ‍ॅसिड टाकून देतात. आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा याच ब्युटिरेटमधून घेतात, रक्तातल्या साखरेतून नाही. आपल्याच शरीरातल्या पेशी, आणि जेवतात दुसऱ्याच्या ताटातलं. फायबर येईनासं झालं तर काही बॅक्टेरिया आतड्याच्या आतल्या चिकट थरावरच ताव मारतात, हे उंदरांमध्ये दिसलंय. पोटात कोणीतरी भुकेलं बसलंय म्हटल्यावर ते काहीतरी खाणारच.

आणि चांगला बॅक्टेरिया, वाईट बॅक्टेरिया हा जो हिशोब आपण मांडतो तो बऱ्याचदा पत्त्यावर ठरतो. ई. कोलाय आतड्यात असतोच, बहुतेक प्रकार काही करत नाहीत, पण तोच लघवीच्या मार्गात शिरला की जळजळ, ताप, इन्फेक्शन, आणि लघवीची बहुतेक इन्फेक्शन्स यानेच होतात.

आता औषधांकडे. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सर्दी झाली की माझा हात ड्रॉवरमधल्या अर्ध्या उरलेल्या स्ट्रिपकडे गेलेला आहे, खोटं कशाला बोलू. तेव्हा आत काय होतं तर ज्याला मारायचंय तो व्हायरस मजेत, आणि आतड्यातली वस्ती मात्र उजाड. एरवी वस्ती बरीचशी परत भरते, पण कधीकधी त्या रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल (आधीचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) नावाचा जंतू घुसतो आणि जुलाब थांबता थांबत नाहीत. परत अँटिबायोटिक दिलं की तात्पुरतं थांबतं, परत सुरू. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा पेशंटना निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून नळीने पोटात दिली. हो, बरोबर ऐकलंत. १६ पैकी १३ जण एकाच डोसमध्ये बरे झाले, आणि नेहमीचं अँटिबायोटिक घेणाऱ्या १३ पैकी फक्त ४. ट्रायल मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या गटाला जुनंच औषध देत राहणं बरोबर वाटेना. जेवणावर असाल तर सॉरी.

आता परत ते मातीच्या वासवाले. १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स युनिव्हर्सिटीमध्ये अल्बर्ट शाट्झ नावाचा एक तरुण विद्यार्थी तळघरातल्या लॅबमध्ये राबत होता आणि त्याला स्ट्रेप्टोमायसीसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, टीबीवर खऱ्या अर्थाने चाललेलं पहिलं अँटिबायोटिक. १९५२ चं नोबेल त्याच्या प्रोफेसरांना, सेल्मन वॅक्समनना एकट्यांना मिळालं. शाट्झ त्याआधीच कोर्टात गेला होता, तडजोडीत त्याला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली, नोबेल नाही ते नाहीच. मातीतल्या याच कुळातून आपली कितीतरी अँटिबायोटिक्स आलीयेत.

पण बॅक्टेरिया हे औषध बनवतात कशाला? शेजाऱ्यावर टाकायला, बहुधा. चिमूटभर मातीत इतकी गर्दी असते की जागेसाठी, खाण्यासाठी मारामारी ठरलेली. आणि शेजारी काय गप्प बसणारेत? ते त्यावर तोड काढतात, आणि ती तोड डीएनएच्या छोट्या रिंगवर लिहून आजूबाजूच्यांना वाटतात, आपल्या जातीच्या नसलेल्यांनासुद्धा. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, त्यात ही अशी वाटावाटी. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे.

आपल्याला वाटतं हे आपण गोळ्या खाऊन खाऊन सुरू केलं. वेग आपणच दिला, त्यात वाद नाही. पण कॅनडाच्या उत्तर भागात, युकॉनमध्ये, शास्त्रज्ञांनी गोठलेल्या जमिनीतून ३० हजार वर्षांपूर्वीचा डीएनए काढला आणि २०११ मध्ये त्याचा निकाल छापला. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, टेट्रासायक्लिन, व्हॅन्कोमायसिन, सगळ्यांवरची तोड त्यात आधीच लिहिलेली होती. वर त्या काळी मॅमथ चरत होते.