मालकी कुणाची, कागद कुणाकडे

मंडळी, ख्रिस्ती मठांचा इतिहास शोधणारा माणूस साहजिकच मठाच्या दप्तरापासून सुरुवात करतो. बेनेडिक्टाइन किंवा सिस्टर्शियन या जुन्या संन्यासी संघांच्या मठांच्या बाबतीत ते योग्यही आहे. त्यांच्याकडे गावंच्या गावं होती आणि दानपत्रांच्या नकला उतरवलेल्या जाडजूड वह्याही होत्या. फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या अनुयायांच्या मठांच्या दारात मात्र अभ्यासक बऱ्याचदा अडतो, कारण जमिनीचे फारसे कागद तिथे नसतात. ते का नसतात, हे आधी समजून घ्यायला हवं.

पोप होनोरियस तिसरे यांनी १२२३ साली मान्य केलेल्या नियमात संत फ्रान्सिस यांनी स्वच्छ सांगितलं आहे, की बंधूंनी, म्हणजे संघातल्या संन्याशांनी, घर, जागा किंवा कुठलीही वस्तू आपली करू नये आणि पैसाही स्वीकारू नये. पण संघ झपाट्याने वाढला. शहरोशहरी बंधू राहू लागले, म्हणजे छप्पर आलं, चर्च आलं, पुस्तकं आली. मग ही मालमत्ता कुणाची? १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी उत्तर दिलं: दात्याने हक्क राखून ठेवला नसेल तर मालकी पोपपीठाची, बंधूंचा फक्त वापर. १२७९ मध्ये निकोलस तिसरे यांनी तेच अधिक तपशिलाने मांडलं. आपल्या सातबाऱ्यावर मालक एक आणि कसणारं कूळ दुसरंच असावं, तसंच हे काहीसं. फरक एवढाच, की इथे राहणाऱ्याने आपणहून हक्क सोडला होता.

पुढे १३२२ साली पोप जॉन बाविसावे यांनी ही मालकी नाकारली. खाऊन संपणाऱ्या भाकरीचा वापर आणि तिची मालकी वेगळी कशी करता येईल, असा त्यांचा सवाल होता. या वादात संघाचे प्रमुख मिकेले द चेसेना आणि तत्त्वज्ञ विल्यम ऑकम १३२८ मध्ये पोप तेव्हा राहत त्या फ्रान्समधल्या आविन्याँहून निसटले. पुष्कळजण याला शब्दांचा कीस म्हणतात, मला ते पटत नाही. दारिद्र्याचं व्रत खरोखर पाळायचं तर कायद्याने काय करावं लागेल, हे त्या माणसांनी जीव पणाला लावून विचारलं होतं.

आता लंडनकडे येतो. बंधूंची पहिली तुकडी, नऊजण, १० सप्टेंबर १२२४ रोजी डोव्हरला उतरली. त्यांचे पुढारी होते पिसाचे अग्नेलस. पुढच्याच वर्षी जॉन आयविन नावाच्या कापड व्यापाऱ्याने लंडनच्या खाटीकबाजारालगतची जागा त्यांच्यासाठी दिली, पण दान दिलं ते शहराच्या नागरिकांच्या नावे. बंधूंनी तिथे फक्त राहायचं. म्हणजे या मठाची गोष्ट पहिल्या दिवसापासून शहराच्या व्यवहारात शिरली. तिचे धागे शोधायचे तर नगराची दप्तरं, राजाने दिलेल्या देणग्यांच्या नोंदी आणि लोकांची मृत्युपत्रं चाळावी लागतात. मृत्युपत्रांत तर माणसाच्या मनातलं दिसतं: मला त्यांच्या अंगणात पुरा, माझ्यासाठी इतके मिस्सा (चर्चमधले प्रार्थनाविधी) म्हणा.

तरीही लंडनच्या मठाने आपली एक वही मागे ठेवली. १५२६ च्या सुमाराची ती वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. जागेचे तुकडे कुणाकुणाकडून मिळाले, पाण्याचा नळ कुठून कसा आणला, हे तिच्यात आहे. पण तिचा खरा गाभा म्हणजे थडग्यांची यादी. लिहिणारा बंधू चर्चच्या एकेका भागातून पुढे जातो आणि कोण कुठे निजलं आहे ते टिपत राहतो. राणी मार्गारेट, जिच्या आश्रयाने १३०६ मध्ये नवं चर्च उभं राहू लागलं, ती तिथे. राणी इझाबेला तिथे. एलेनोर ऑफ प्रोव्हान्स या राणीचं केवळ हृदय तिथे. आणि त्यांच्यासोबत शहरातले व्यापारी, त्यांच्या बायका, मठातले बंधू.

जेमतेम बारा वर्षं गेली. १२ नोव्हेंबर १५३८ रोजी हा मठ इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या हवाली झाला. त्या वर्षी देशभरातले भिक्षुमठ बंद करत फिरणारा अधिकारी, रिचर्ड इंगवर्थ, स्वतः पूर्वीचा डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका भिक्षुसंघातला होता. त्याच्या पत्रांत आणि मालाच्या याद्यांत भांडी, घंटा, छपरावरचं शिसं, गहाण टाकलेल्या वस्तू आणि कर्ज यांचे उल्लेख येतात. मठ बुडवण्यासाठी केलेल्या याद्यांतूनच मठातलं रोजचं जगणं आपल्याला कळतं, हे वाचताना मला फार जड जातं. लंडनच्या चर्चमधली संगमरवरी नि अलाबास्टरची दहा थडगी आणि १४० दगडी लाद्या सुमारे ५० पौंडांना विकल्या गेल्या, असं लंडनचा जुना इतिहासकार जॉन स्टो नोंदवतो. त्यानंतर १६६६ ची आग आणि १९४० ची बाँबफेक झाली. ती नावं आज आपल्याला ठाऊक आहेत, त्याचं मोठं श्रेय त्या वहीला आहे.

आपल्याकडे गोव्यात हेच थोड्या वेगळ्या रीतीने घडलं. पोर्तुगालने मे १८३४ मध्ये पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले, आणि १८३५ मध्ये गोव्यातले मठ रिकामे होऊन त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. जुन्या गोव्यातल्या फ्रान्सिस्कन मठात आज पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. शेजारच्या चर्चमध्ये गेलात तर खाली बघून चाला, कारण फरशीत थडग्यांच्या लाद्या बसवलेल्या आहेत. गोव्याचा पुरालेख १५९५ पासूनचा, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु त्याचे पहिले पालक. पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून जी सरकारी पत्रं यायची-जायची त्यांचे खंड तिथे आहेत, त्यांतही मठांचे तंटे सापडतात.

वसईचा अभ्यास करणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन, की फक्त पोर्तुगीज कागदांवर थांबू नका. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि उत्तर कोकणातल्या जमिनींचा हिशेब मराठी कारकुनांच्या हाती आला. तेव्हा मठाकडे असलेल्या शेताचं पुढे काय झालं, हा प्रश्न पुण्याच्या पेशवे दप्तरातही विचारायला हवा, आणि त्यासाठी मोडी यायला हवी. किल्ल्यातल्या चर्चांमधल्या थडग्यांवरचे लेख इतिहास-अभ्यासक जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात उतरवून घेतले होते. ते पान हाती धरून एकदा सेंट अँथनीच्या पडक्या चर्चमध्ये जा, कोणत्या लाद्या अजून वाचता येतात ते ताडून पाहा, आणि प्रत्येकीचा फोटो जागेसह नोंदवा. छप्पर नसलेल्या त्या भिंतींत दर पावसाळ्यात पाणी साचतं, म्हणून हे काम येत्या पावसाळ्याआधीच हाती घ्या.