कपाटातला दुसरा पंप

(दृश्य: अंधारी खोली. पलंगाच्या कडेला पाठीला उशी लावून बसलेला माणूस.)

पहाटेचे तीन. छातीत घरघर, आडवं होता येत नाही, आणि हात उशाशी दम्याचा पंप चाचपडतोय. दोन फवारे घेतले की काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. अशा पंपावर जीव जडला तर नवल नाही.

दुसरा पंप मात्र कपाटात पडून असतो. घेतला तरी लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून तो मागे पडतो. पहाटेची ही जाग टाळायची ताकद मात्र त्याच्यात असते.

दम्यात श्वासनलिका नुसत्या आवळत नाहीत, त्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. बरं वाटत असतानाही ती बरेचदा असतेच. उशाशी असलेला पंप, बहुतेक वेळा साल्ब्युटामॉलचा, नळीभोवतीचे स्नायू चार-सहा तास सैल करतो. सूज तशीच राहते. ती उतरवतं कपाटातल्या पंपातलं स्टेरॉइड: बेक्लोमेथासोन, बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन. फरक दिसायला काही दिवस लागतात, पुरता गुण यायला आठवडे, कधी महिने.

स्टेरॉइड म्हटलं की घरातले दचकतात. ही भीती उगाच आलेली नाही. महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. १९७२ साली बेक्लोमेथासोनचा पंप आला आणि औषध थेट श्वासनलिकेत पोचू लागलं. दम्याच्या मोठ्या झटक्यात प्रौढाला प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी अनेकदा दिवसाला ४० मिलिग्रॅम देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतात. औषधं वेगळी, त्यांची ताकद वेगळी, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही; पण अंदाज यायला पुरे.

(दृश्य: हात जवळून.)

फवाऱ्याचा पंप आधी हलवा. श्वास पूर्ण सोडा. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला लागतानाच कळ दाबा, आणि सावकाश, खोल ओढा. मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. पावडरच्या इनहेलरला उलट जोरात ओढावं लागतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर औषध घशात कमी बसतं, फुप्फुसात जास्त जातं. लहान मुलांना तर तो हवाच.

घशात बसलेलं औषध तिथंच राहिलं तर आवाज बसतो, जिभेवर बुरशीचे पांढरे चट्टे येतात. म्हणून फवाऱ्यानंतर खळखळून गुळणी करायची आणि पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही.

मुलांच्या उंचीची काळजी आईवडिलांना असतेच. पहिल्या वर्षी वाढ किंचित मंदावू शकते. बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा उंचीत सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास फरक आढळला. आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, हे विसरू नये. मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर डोळे, हाडं आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींवर परिणाम होऊ शकतो. म्हणून दमा काही महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर डोस पायरीपायरीनं उतरवतात, ज्यावर भागेल अशा सर्वांत कमी डोसपर्यंत.

बरं वाटलं म्हणून स्वतःच पंप बंद करणं, ही चूक मला सर्वांत धोक्याची वाटते. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हे औषध थांबवल्यावर पहिल्या तीन महिन्यांत दम्यानं होणारे मृत्यू, ते चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होते.

झटका आल्यावर मात्र नुसत्या स्टेरॉइडच्या पंपावर विसंबू नका. तेव्हा आराम देणारा पंपच लागतो. त्यानंही भागत नसेल, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा.

(दृश्य: बेसिन. पेल्यात ब्रश, शेजारी पंप.)

रोजचा पंप ब्रशच्या पेल्याशेजारी ठेवा. आधी फवारा, मग दात घासणं. गुळणी त्यातच होऊन जाते.