चावी खिळ्याला

(मैदान. सकाळी साडेसहा. धुकं. पळणारे पाय.)

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातलं हे छोटं कॉलेज. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेली ही पोरं वसतिगृहात राहतात आणि चहाच्या आधी मैदानावर येतात.

गेल्या हिवाळ्यात, त्या निलगिरीच्या झाडाजवळ, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पळता पळता खाली बसली. कंबर, मांड्या, पाठ... आतून हाडं कुटल्यासारखी दुखतायत, म्हणाली. मैत्रिणींना वाटलं, उपाशी पोटी पळाली, चक्कर आली असेल. एकाने धावत जाऊन खेळाच्या खोलीतून गार फवारा आणला आणि तिच्या पायांवर मारला. मुरगळलेल्या पायाला तो चालतो. हिचं दुखणं त्याने वाढलं.

तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. आश्रमशाळेत असताना तपासणी झाली होती, घरी कार्डही होतं. कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. प्रवेशाच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं.

(स्टाफरूम. लोखंडी कपाट. कुलूप.)

हे प्रथमोपचाराचं कपाट. त्या सकाळी चावी हेडक्लार्कांकडे होती, आणि ऑफिस उघडतं साडेदहाला.

मुलांनी १०८ ला फोन लावला. ही सेवा राज्यात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली, तिला पैसे पडत नाहीत. पलीकडून विचारतात : रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, गाडी नेमकी कुठे आणायची. इथेच मुलं अडली. कॉलेजला दोन फाटकं, आणि मैदानाकडचं बंद.

(शिपाई मामा. हातात चाव्यांचा जुडगा.)

मामा रात्रपाळी संपवून निघाले होते. ते परत फिरले, फाटक उघडलं आणि खांद्यावरची शाल त्या पोरीच्या अंगावर टाकली. सिकलसेल हा शब्द त्यांनी तोवर ऐकलेला नव्हता. पोरगी कुडकुडतेय, एवढंच त्यांना दिसलं. त्या अर्ध्या तासात झालेला सगळ्यात योग्य उपचार तो होता.

(वर्ग. फळा. खडूने काढलेलं वर्तुळ, शेजारी विळा.)

तांबडी रक्तपेशी गोल आणि लवचीक असते, बारीक नळीतूनही वाट काढते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि अडकते. पुढे रक्त जात नाही, त्याचं ते दुखणं. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, ताप, दमछाक... यातलं काहीही निमित्त पुरतं. आईवडील दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसूनही हा दोष मुलांना देऊ शकत असले, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून ते घरात कळतही नाही.

अशा वेळी पळणं थांबवायचं, अंगावर ऊब, थोडं थोडं पाणी, डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली गोळी. बर्फ नाही. ताप, छातीत दुखणं, धाप, किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं यातलं काही दिसलं, तर थेट दवाखाना.

२०२३च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, म्हणजे कॉलेजची ही पोरं त्यातच आली. अनेकांकडे कार्ड आहे. ते पेटीत, घरी, पाड्यावर आहे.

(वही. निळं कव्हर. मॅडमचा हात.)

ही वही त्या हिवाळ्यानंतरची. सिकलसेल, फिट, दमा, साखर, हृदयाचा त्रास. सक्ती नाही. पोरी बिचकतात, उद्या लग्नात आडवं येईल ही भीती त्यांच्या घरात रोज बोलली जाते, तिला खोटी कसं म्हणायचं? म्हणून एनएसएसच्या मॅडम एकेकीला वेगळं बसवून विचारतात. वही त्यांच्याच कपाटात राहते. आणि प्रत्येक मुलगी आपल्या मनाने एक सोबतीण निवडते, जिला सगळं माहीत असेल.

(हॉल. सतरंजीवर पुतळा. मामा गुडघ्यांवर.)

अशा कॉलेजात डॉक्टरचं पद नसतं. पहिली दहा मिनिटं शिपाई, वॉचमन, रेक्टर, नाहीतर शेजारची मैत्रीण यांच्या हातात असतात. शिकवायचं ते आधी यांना, असं आम्हाला कळकळीने वाटतं. श्वास थांबलेल्या माणसासाठीचा हा सराव. बघा, मामांचे हात कसे सरळ आहेत. छातीच्या मध्यावर, निदान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. मोजणी ते मोठ्याने करतात. शंभरावर आले की मुली पुढचे आकडे म्हणतात.

फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा नको. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. ५ मिनिटांत थांबली नाही, तर १०८.

त्या मुलीची परीक्षा हुकली, भरतीचं तिने सोडलं; आता तिसऱ्या वर्षाला आहे.

(फाटकाशेजारची भिंत. खिळा. त्यावर कपाटाची चावी, खाली रंगाने लिहिलेला कॉलेजचा पूर्ण पत्ता.)

साडेसहा वाजलेत. मामा मैदानाकडचं फाटक उघडतायत.

(मुली पळतायत. कडेला एकजण दोन बाटल्या आणि एक शाल घेऊन उभी. निवेदन इथे थांबेल, मैदानाचा आवाज राहील.)