विश्वस्ताच्या हाती आधी उतारा द्या

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण यंदाच विश्वस्त झाला आहात, म्हणून सुरुवात पुण्यातल्याच एका जुन्या गोष्टीने करतो. पर्वती देवस्थानाच्या कारभारावर लोक नाराज होते. त्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यात पुढे होते. सभासद व्हायचं तर किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आपण कोणाच्या वतीने बसलोय, हे माणसाला आत येतानाच ठाऊक असायचं.

आज आपण नव्या विश्वस्ताला शाल देतो, श्रीफळ देतो आणि पुढच्या बैठकीची तारीख सांगतो. मीही असाच विश्वस्त झालो. खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींचं वसतिगृह चालवणारी संस्था. पहिल्या बैठकीत इतिवृत्ताची वही फिरत आली, शेजारच्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. चार वर्षांनी एका कंपनीने सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा, द्यायची तयारी दाखवली आणि परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीतली विश्वस्तांच्या नावांची नोंद, मागितला. उताऱ्यावर सात नावं, त्यांतली तीन दिवंगतांची. माझं नाव नव्हतंच. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. तो कोणी केलाच नव्हता. विलंबमाफीचा अर्ज, जुने ठराव, मृत्यूचे दाखले, संमतीपत्रं हे सगळं जमवता जमवता वर्ष गेलं आणि निधीही गेला. वसतिगृहाचं छप्पर आणखी दोन पावसाळे गळत राहिलं. त्या खोल्यांतून बादल्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

तेव्हापासून आम्ही पहिल्या बैठकीआधीच नव्या माणसाच्या हाती एक फाईल देतो. उतारा, संस्थेची घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, १२-ए (संस्थेला प्राप्तिकरात सवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत) यांची प्रमाणपत्रं. ही नोंदणी आता कायमची नसते, म्हणून मुदत संपण्याची तारीख वरच लाल शाईत लिहिलेली असते.

पण नुसती फाईल कोणी वाचत नाही. म्हणून एक दुपार हिशेबनिसांच्या टेबलापाशी. पावतीपुस्तक उघडायचं आणि एक देणगी निवडायची. परवा एका निवृत्त शिक्षिका ताईंनी ५,००० रुपयांची पावती निवडली. पावतीवर लिहिलं होतं, ‘मुलींच्या पुस्तकांसाठी’. ताईंनी ती बँकेच्या पासबुकात शोधली, रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत शोधली, मग खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत. खतावणीत ती सर्वसाधारण देणग्यांत पडलेली. ताई म्हणाल्या, “अहो, मग पुस्तकं घेतली का?” हिशेबनिसांनी व्हाउचरचा गठ्ठा सोडला. पुस्तकं घेतली नव्हती. त्याच महिन्यात घेतली आणि नोंदही दुरुस्त झाली. तासभराचं काम, पण दहा भाषणांनी जे कळलं नसतं ते ताईंना कळलं.

खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे अध्यक्ष वयाने मोठे, संस्थेसाठी हयात घालवलेले. “काका, हा खर्च कशाचा?” असं विचारलं तर त्यांना वाटेल, हा संशय घेतोय. म्हणून आमच्या अध्यक्षांनी स्वतःच पायंडा पाडला. ते प्रत्येक बैठकीत सर्वांत नव्या विश्वस्ताला आधी विचारतात, “तुम्हाला यातलं काय समजलं नाही?” एवढ्याने जीभ मोकळी होते. ज्येष्ठांनी हे केलंच पाहिजे, ते नव्यावर सोडू नका.

जागेच्या व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. संस्थेची मिळकत विकायची असेल तर कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तरीही लागते. नुसत्या ठरावावर सही करू नका.

आता चहा घेऊ. ज्यांनी आपला उतारा आणलाय, त्यांनी तो बाहेर काढून ठेवा. ज्यांनी आणला नाही, त्यांनी चहाच्या वेळात सचिवांना फोन लावून फोटो मागवून घ्या. त्यावर आपलं नाव आहे का, एवढंच आधी बघू.