किल्ला विकला, किताब राखला : न्यूरेंबर्गचे बुर्गग्राफ

न्यूरेंबर्गच्या टेकडीवर, तटाच्या पूर्वेच्या बाजूला जो उंच, चौकोनी बुरूज दिसतो, त्याचे नाव लुगिन्सलांड. अर्थ सरळ आहे, मुलुखावर नजर ठेवणारा. १३७७ मध्ये नगराने तो उभारला. टेहळणीचा बुरूज म्हटला की दूरवरून येणारा शत्रू डोळ्यांपुढे येतो. या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मात्र फार लांब पाहावे लागत नव्हते, कारण ज्याच्या हालचालींची नगराला धास्ती होती, तो त्याच टेकडीवर, हाकेच्या अंतरावर राहत होता. तो होता न्यूरेंबर्गचा बुर्गग्राफ.

‘बुर्ग’ म्हणजे किल्ला, आणि ‘ग्राफ’ हा मुळात राजाच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी. या ‘ग्राफ’पासून जर्मन किताबांचे एक घराणेच वाढले. सरहद्द सांभाळणारा मार्कग्राफ, राजवाड्याशी जोडलेला फाल्त्सग्राफ, मोठ्या प्रदेशाचा लांडग्राफ. बुर्गग्राफला मराठीत किल्लेदार म्हणावे, तर आरंभापुरते ते बरोबरच आहे. मध्ययुगीन जर्मन राजाला ठरलेली राजधानी नसे; दरबारासह तो गावोगावी फिरत असे, आणि तो दूर असताना त्याचा किल्ला राखण्यासाठी भरवशाचा माणूस लागे. त्या माणसाला चाकरीच्या मोबदल्यात जमीन आणि हक्क मिळत, ते पुढे मुलाकडे जात, आणि दोन-तीन पिढ्यांत चाकरी मागे पडून वतन तेवढे उरे.

न्यूरेंबर्गला नेमके हेच झाले. पहिले बुर्गग्राफ ऑस्ट्रियातील राब्स घराण्याचे होते. त्या घराण्यातील शेवटच्या बुर्गग्राफला मुलगा नव्हता. त्याची मुलगी सोफिया हिचा विवाह त्सोलर्न घराण्यातील फ्रीडरिशशी झालेला होता, आणि ११९२ च्या सुमारास हे पद जावयाकडे आले. हेच ते पुढचे होहेन्त्सोलर्न घराणे.

टेकडीवर खरे तर दोन किल्ले होते. पश्चिमेला सम्राटाचा, आणि त्याच्या वाटेवर, पूर्वेला, बुर्गग्राफचा. तिथला पाच कोनांचा जुना बुरूज त्या दुसऱ्या किल्ल्याचा अवशेष आहे. खाली नगरात न्यायनिवाड्याला आणखी एक राजाचा अधिकारी असे, शुल्टहाइस. १२१९ मध्ये, पुढे सम्राट झालेल्या दुसऱ्या फ्रीडरिशने न्यूरेंबर्गला सनद देऊन नगर थेट सम्राटाच्या छत्राखाली घेतले, आणि तेव्हापासून व्यापाऱ्यांचे हे श्रीमंत नगर व टेकडीवरचा वतनदार यांच्यात हक्कांवरून कुरबुरी वाढत गेल्या. बुर्गग्राफच्या हातातले मोठे हत्यार तलवारीपेक्षा न्यायालय हे होते. त्याच्या या न्यायालयाचा, म्हणजे लांडगेरिश्टचा, अधिकार नगराच्या वेशीबाहेर दूरवर चालत असे. १३६३ मध्ये सम्राट चौथ्या कार्लने बुर्गग्राफ पाचव्या फ्रीडरिशला साम्राज्याच्या राजपुरुषांच्या पंक्तीत बसवले.

सगळीकडे असेच घडले असे नाही. हेसेमधील फ्रीडबर्गला किल्ल्यावरचे सरदार आपल्यातूनच एकाला बुर्गग्राफ म्हणून तहहयात निवडत, त्यामुळे तिथे हे पद कोणा एका घराण्याच्या घशात गेले नाही.

न्यूरेंबर्गचा सहावा फ्रीडरिश मात्र टेकडीपेक्षा बराच मोठा झाला. १४१५ मध्ये कॉन्स्टान्स येथे सम्राट निवडण्याचा अधिकार असलेले ब्रांडेनबुर्गचे पद राजा सिगिसमुंडने त्याला दिले. १४२० मध्ये बव्हेरियाच्या एका ड्यूकच्या माणसांनी न्यूरेंबर्गचा त्याचा किल्ला जाळला. तो पुन्हा बांधण्यात त्याला रस उरला नव्हता. १४२७ मध्ये त्याने ते जळके अवशेष सरळ नगराला विकून टाकले; लांडगेरिश्ट मात्र स्वतःकडेच ठेवले, आणि व्यवहारातली ही मेख नगराला महागात पडली. उरलेल्या हक्कांवरून त्याच्या मुलाने, आल्ब्रेश्ट आखिलेसने, १४४९-५० मध्ये न्यूरेंबर्गशी युद्ध केले.

नगराने त्या जागेचा उपयोग अगदी व्यापारी पद्धतीने केला. पंचकोनी बुरूज आणि लुगिन्सलांड, म्हणजे पाहिला जाणारा आणि पाहणारा, यांच्या मधोमध १४९४-९५ मध्ये धान्याचे प्रचंड कोठार बांधले. उतरत्या छपरावर खिडक्यांच्या रांगा असलेली ही इमारत आज तरुण प्रवाशांचे वसतिगृह आहे.

किताब मात्र विकला गेला नव्हता. ब्रांडेनबुर्गचे होहेन्त्सोलर्न १७०१ मध्ये प्रशियात राजे झाले, १८७१ मध्ये जर्मनीचे सम्राट झाले. न्यूरेंबर्ग १८०६ पासून बव्हेरियाच्या राज्यात होते. १८६६ च्या युद्धात बव्हेरियाचा प्रशियाकडून पराभव झाला, तेव्हा बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म याच्यापुढे न्यूरेंबर्गच्या किल्ल्याची मालकी दोघांनी मिळून ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. विल्हेल्मच्या किताबांच्या लांबलचक यादीत ‘ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ’ याच्या लगोलग ‘न्यूरेंबर्गचा बुर्गग्राफ’ हे शब्द येत, आणि १९१८ मध्ये त्याच्या नातवाने गादी सोडेपर्यंत ते तिथेच होते.