जांभळं डिसेंबरात कुठली?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय जन्मापासून हृदयात दोष असलेल्या, निळ्या पडणाऱ्या बाळांबद्दल, पण आधी ठाण्याच्या तलावपाळीवरची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमधला चार वर्षांचा पोरगा. आजीबरोबर संध्याकाळी तलावाला चक्कर मारायला जायचा आणि वीस पावलं झाली की बसला उकिडवा, गुडघे पोटाशी घेऊन. आजी म्हणायची, "लाडावलाय मेला, कडेवर घ्यायला पाहिजे." आम्ही पण हसायचो, खोटं कशाला बोलू. एकदा भेळ घेताना (हल्ली भेळेत फरसाण कोंबतात, मी त्याला भेळ म्हणत नाही, असो) भेळवाली मावशी कागदाचा कोन वळता वळता थांबली. "आजी, जांभळं कुठं गावली ओ ह्याला?" अहो डिसेंबर महिना! जांभळं डिसेंबरात कुठली? आजीने आ करायला लावलं तर जीभ पण ओठांसारखीच, जांभळट. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि निघालं टेट्रालॉजी ऑफ फॅलो.

म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुफ्फुसाकडे जायची वाट अरुंद, त्यामुळे बरंचसं अशुद्ध रक्त भोकातून थेट अंगभर जातं. उकिडवं बसलं की पायाकडची वाट दाबली जाते, जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं, पोराला बरं वाटतं. लाड कसले, स्वतःचं औषध त्यानेच शोधलेलं! अशा मुलांवर 1944 साली अमेरिकेत बाल्टिमोरला पहिलं ऑपरेशन झालं, आता भोक बुजवून वाटच मोठी करतात. आपल्या खारघरला सत्य साई संजीवनी हॉस्पिटलात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं फुकट होतात.

तर जीभ बघा. थंडीत तान्ह्याचे हातपाय निळसर दिसतात, ते बहुतेक वेळा काही नसतं, पण जीभ निळी म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. सावळ्या बाळाचे ओठ फसवतात, जीभ नाही. परत सांगतो, जीभ. आणि बाळंतिणीला घरी आणायच्या आधी, बाळाला 24 तास झाले की ऑक्सिजन मोजायला सांगा, उजव्या हाताला आणि एका पायाला. कोरोनातला ड्रॉवरमधला क्लिप नको, तो मोठ्यांच्या बोटाचा.

पोराचं ऑपरेशन झालं, आता दुसरीत आहे. परवा तलावपाळीवर पळता पळता मध्येच उकिडवा बसला, आजीच्या पोटात गोळाच आला, धावत गेली तर हा सांडलेली शेव मुंग्या कशा ओढून नेतात ते बघत बसलेला.